नव्या तलाठ्यास पत्र

प्रिय बाळा,
ख्रिस्तामध्ये सलाम.

पुढच्या आठवड्यात तू सज्जाचा कार्यभार घेशील. महसूल खातं विश्वासणाऱ्याचं नव्हे, असं मंडळीत कुणी ना कुणी म्हणेलच. पण बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे जकातदार आले, तेव्हा त्याने त्यांना नोकरी सोडायला सांगितलं नाही. ठरवून दिलंय त्याहून अधिक घेऊ नका, एवढंच सांगितलं (लूक ३).

विश्वासणाऱ्याची साक्ष बहुधा पहिल्या महिन्यातच बुडते, आणि तीही पैसे न घेता. गावात आधीपासून एक 'झिरो तलाठी', म्हणजे तलाठ्याचं काम परस्पर करणारा खाजगी माणूस, बसलेला असतो. काम त्याला येतं, तुला येत नाही. तू त्याला लॉगिन देतोस, मग डिजिटल सहीचं डोंगल देतोस, आणि दर तो ठरवू लागतो. लाचेच्या सापळ्यातल्या, फिनॉल्फथलीनची पूड लावलेल्या नोटा हाताळल्या की बोटं सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात गुलाबी होतात, हे आता शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. म्हणून तर पैसे झिरोच्या हातून फिरतात. पण स्वतःसाठी घेतलं काय किंवा दुसऱ्यासाठी, कायद्याला ती लाचच. २०१८ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ३ ते ७ वर्षं. तेव्हा डोंगल तुझ्याच खिशात राहू दे, आणि रात्री बसावं लागलं तरी फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाची नोंद, स्वतः भरायला शीक.

दुसरी चूक खास भाविकांची. लाच घेत नाहीत, पण कामही हलवत नाहीत. मग शेतकऱ्याला वाटतं, आधीचा खाऊ तलाठी बरा होता, निदान सातबारा तरी द्यायचा. खरेदीखताची नोंद धरली, की हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला १५ दिवस, मग मंडळ अधिकाऱ्याकडे मंजुरीला. हरकत नसेल तर मुदत संपल्यावर कागद तुझ्या टेबलावर एक दिवसही दिसता कामा नये. अर्जाची तारखेसह पोच दे. शुल्काची पाटी दाराबाहेर लाव. दर उघडा असला की मधल्याचं दुकान बसतं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात विनाकारण उशिराला ५०० ते ५००० रुपये दंड आहे, तोही लक्षात असू दे.

वरून हिस्सा मागितला तर वचनं ऐकवू नकोस. 'साहेब, मी गोळाच करत नाही, देऊ कुठून?' एवढं एकट्यात, शांतपणे सांग. त्याच संध्याकाळी तारीख आणि नेमके शब्द लिहून ठेव. दबाव वाढला तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ वर तक्रार करताना तेच कामी येतात. बदली होणार हे धरून चाल. गाडीचा हप्ता पगारात बसेल एवढाच ठेव, कारण सावकार दारात असला की 'नाही' म्हणायला जीभ वळत नाही.

आणि कधी हात बरबटलाच, तर नुसत्या प्रार्थनेने भागत नाही. लेवीय ६ मध्ये मूळ रक्कम आणि वर पाचवा हिस्सा सांगितलाय. जकातदार जक्कयाने चौपट परत द्यायचं कबूल केलं. ते ज्याचं त्याच्या हातात द्यायचं. दानपेटीत टाकलं तर त्या शेतकऱ्याला काय मिळालं?

सगळ्यात अवघड मागणी बिनपैशाची असेल. उपासनेनंतर चर्च कमिटीतले एखादे काका खांद्यावर हात ठेवून म्हणतील, 'आपलाच माणूस आहे, नोंद जरा पुढे घे.' काकांना घरी बोलव, पोटभर जेवू घाल. नोंद क्रमानेच घे.

तुझा,
मामा