पहिल्या महायुद्धात फ्रान्सहून आलेलं शिपायाचं पत्र आणि त्याची डायरी एकमेकांशी जुळत नाहीत. खरं कुठलं मानावं?

तारीख, ठिकाण आणि घडलेल्या गोष्टींसाठी डायरी धरा. पत्र घरच्यांसाठी आणि सेन्सॉरच्या नजरेखालून गेलेलं असतं. ब्रिटिश फौजेत पत्र पलटणीतला अधिकारी वाचायचा, गावाचं किंवा तुकडीचं नाव दिसलं की खोडायचा. हिंदी सैनिकांच्या पत्रांसाठी तर फ्रान्समध्ये 1914 च्या अखेरीपासून वेगळं सेन्सॉर कार्यालय होतं. त्यानं काढलेले इंग्रजी उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यात 'काळी मिरी' म्हणजे हिंदी शिपाई आणि 'लाल मिरची' म्हणजे गोरे, अशी सांकेतिक भाषा सापडते. तेव्हा पत्रात मसाल्याचा हिशेब दिसला तर हसून सोडून देऊ नका! छापील पोस्टकार्ड असेल तर मजकूर शिपायाचा नाहीच: 'मी ठीक आहे', 'मी इस्पितळात आहे' अशी तयार वाक्यं, नको ती खोडायची. सही-तारखेपलीकडे काही लिहिलं तर कार्डच नष्ट व्हायचं.

मात्र डायरीही डोळे झाकून मानू नका. आघाडीवर ती ठेवायला बंदी होती, त्यामुळे बरेच जण चोरून टिपणं ठेवत आणि नंतर सवडीनं उतरवून काढत. महिनाभराच्या नोंदी एकाच शाईत, एकसारख्या सुबक अक्षरात असतील तर ती बहुधा मागाहून केलेली नक्कल आहे.