सांगलीतून 8 इंची दुर्बिणीने क्ष-किरण स्फोटाचा दृश्य प्रकाश टिपता येईल का?

तुमच्याकडे 8 इंची दुर्बीण आणि कूल्ड कॅमेरा आहे, आणि आइन्स्टाइन प्रोब या क्ष-किरण दुर्बीण असलेल्या उपग्रहाने पकडलेल्या क्ष-किरण स्फोटाच्या जागी काही दिसेल का, असं विचारलंय. दिसेल, पण क्वचित. माझ्या मते दुर्बिणीच्या आकारापेक्षा इथे वेळ जास्त नडते.

तारा कोसळताना सुटलेला झोत भोवतालच्या वायूवर आदळतो. त्यातून क्ष-किरणांपासून रेडिओपर्यंत सगळीकडे जो उजेड पडतो तो भराभर ओसरतो. ढोबळमानाने दसपट वेळ गेला की तेज दहावा हिस्सा. पहिल्या तासाला 17.5 प्रतीचा (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद) असलेला ठिपका दहाव्या तासाला 20 वर गेलेला असतो. तुम्ही फ्रेम स्टॅक केल्या, म्हणजे बरेच फोटो एकावर एक रचले, तरी 18-19 च्या आसपास अडकणार. गॅमा किरणांचे स्फोट 1967 पासून दिसत होते, पण त्यांचा पहिला दृश्य प्रकाश हाती लागला तो 28 फेब्रुवारी 1997 च्या स्फोटाचा, कारण बेप्पोसॅक्स उपग्रहाने नेमकी जागा काही तासांत कळवली. तेव्हा जीसीएनचे (अशा स्फोटांची खबर खगोलशास्त्रज्ञांना पोचवणारं नासाचं जाळं) निरोप मोबाईलवर वाजतील अशी सोय आधी करा.

पुढचं काम किचकट. आइन्स्टाइन प्रोबची रुंद नजर जागा सांगते ती दोनतीन आर्कमिनिटांच्या फरकाने, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या साधारण पाचव्या हिश्शाएवढं वर्तुळ. तुमचा फोटो आणि पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणाचा जुना फोटो एका मापाला आणून आलटून पालटून बघायचे. जुन्यात नसलेला ठिपका दिसला तरी लगेच नाचू नका, तासाभराने पुन्हा घ्या. सरकला तर लघुग्रह. जागेवरच मंदावला तर आशा धरा. मात्र त्याच जागी आधीपासून मंद लालसर तारा असेल तर बहुधा त्याचाच भडका. हे खुजे तारे क्ष-किरणांतही भडकतात. (लोक यावर नाक मुरडतात, मला मात्र तेही बघायला आवडतं.)

निळे-हिरवे फिल्टर काढून ठेवा. आइन्स्टाइन प्रोबने पकडलेला 15 मार्च 2024 चा स्फोट 4.859 रेडशिफ्टचा होता, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाने त्याच्या प्रकाशाची तरंगलांबी ताणून जवळपास सहापट झाली होती. इतक्या लांबच्या प्रकाशातला 7100 अँगस्ट्रॉम (तरंगलांबीचं एकक; 7100 म्हणजे लाल रंग) च्या अलीकडचा, म्हणजे निळ्याकडचा, बहुतेक भाग वाटेतला हायड्रोजन गिळतो. लाल किंवा त्याच्या पलीकडचं तेवढं उरतं.

जागेचं म्हणाल तर कृष्णाकाठी हिवाळ्यात दव इतकं पडतं की ड्यू हीटरशिवाय काच तासभर टिकत नाही. आम्ही साताऱ्याहून म्हसवडच्या बाजूला जातो. तुम्हाला आटपाडी किंवा जत सोयीचं; पावसाळ्यातही तिकडे अधूनमधून आभाळ उघडतं.

आणि काहीच सापडलं नाही, तरी ‘अमुक वेळेला अमुक प्रतीपर्यंत काही नाही’ एवढंही कळवा. ओसरण्याचा वेग काढणाऱ्यांना ते लागतं. वेळ युटीसीत लिहा, आपल्या घड्याळातून साडेपाच तास वजा करून.