सिलिअॅकचं पथ्य जमलं, पण बायको समारंभांना यायला तयार नाही

तुम्ही लिहिलंय की बायकोला सिलिअॅक आहे (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनाने लहान आतड्याला इजा होते तो आजार), वर्षभर गहू बंद आहे, टीटीजी ही त्याची रक्तचाचणी नॉर्मलला आलीय, डॉक्टर खूश आहेत. पण बायको लग्नकार्यं टाळते, चिडते, आणि घरच्यांना वाटतं की हे आता डोक्यात बसलंय. मला स्वतःला सिलिअॅक आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी रक्त तपासा. फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२, फोलेट, ड जीवनसत्त्व, थायरॉइड. या आजारात लहान आतड्याचं अस्तर झिजतं आणि लोह वगैरे अंगी लागत नाही. थायरॉइडचा त्रासही बरेचदा जोडीला असतो. टीटीजी उतरली तरी मोठ्या माणसाचं आतडं भरून यायला वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. थकवा आणि चिडचिड यातूनही येते.

ते सगळं ठीक निघालं तर मग माझं मत ऐका. गहू सुटल्याचं दुःख फार दिवस टिकत नाही. ज्वारी-बाजरी-नाचणीच्या मुलखात पोट भरायची अडचण नाही. जीव जातो तो विचारण्यात.

साधी आमटी घ्या. डाळीत गहू कुठून येणार? पण डबीतल्या बांधानी हिंगात बहुतेकदा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो. आचारी म्हणतो, "ताई, नुसती डाळ आहे हो." तो खोटं बोलत नसतो, त्याला हिंग आठवतच नाही. मग डबी बघायला मागायची. तेवढ्यात शेजारची मावशी, "डाएट का गं?" आणि पलीकडून कुणीतरी, "एवढ्याशाने काय होतंय!" सत्यनारायणाचा प्रसाद तर नाकारायचा नसतो, आणि शिरा असतो रव्याचा. दर वेळी आपलं आतडं चारचौघांत मांडण्यापेक्षा घरी बसणं सोपं वाटतं. याला नखरे म्हणू नका. आणि ही भीती पोकळही नाही: पाकिटावर ग्लूटेनमुक्त लिहायची मर्यादा किलोमागे अवघी २० मिलिग्रॅम ग्लूटेन आहे, म्हणजे थोडंसंही जास्तच ठरतं.

म्हणून विचारायचं काम तुम्ही घ्या. कार्याच्या आदल्या दिवशी यजमानांना फोन तुम्ही करा. "तिला गहू चालत नाही, डबा आणलाय" हे तुमच्या आत्याला तुम्ही सांगा, तिने नुसतं जेवावं. दळणाचं तर नक्कीच बघा. गिरणीत आधी गहू दळला असेल तर ज्वारीच्या पिठात तो उतरतोच. ज्वारी घरच्या चक्कीवर दळा, किंवा गहू येतच नाही अशी गिरणी शोधा. घरातला हिंग तांदळाच्या पिठातला आणा, पोळपाट-लाटणं वेगळं ठेवा. रात्री सगळ्यांनीच भाकरी खाल्ली तर उत्तम, फक्त "तुझ्यासाठी" असं म्हणू नका. तेवढ्या एका शब्दाने घास अडकतो.

मात्र चालणारे पदार्थही ती गाळायला लागली, वजन पुन्हा उतरलं, झोप उडाली, किंवा दोन आठवड्यांहून जास्त कशातच रस वाटेना, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतही बोलता येतं. पहिल्या भेटीला सोबत जा, सिलिअॅक म्हणजे काय ते डॉक्टरांना तुम्हीच सांगा, आणि मग बाहेर बसा. पुढचं तिला एकटीला बोलू द्या.