वडिलांनी जमवलेली जुनी मासिकं ठेवावीत की विकावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी पस्तीसेक वर्षांत जमवलेले आठ-नऊशे अंक आहेत. त्यात किर्लोस्कर, स्त्री, सत्यकथा, चांदोबा, आवाजचे दिवाळी अंक, धर्मयुग, रीडर्स डायजेस्ट आणि नॅशनल जिऑग्राफिक आहेत. नागपूरच्या महाल भागातलं घर सोडून पावसाळ्याआधी फ्लॅटमध्ये जायचंय. एक विक्रेता सगळ्याचा उक्ता भाव करायला तयार आहे. ठेवू की देऊ?

उक्तं देऊ नका, आणि सगळं ठेवूही नका. उक्त्यात घेणारा माणूस ढिगातल्या सगळ्यात टाकाऊ अंकाचा भाव सगळ्यांना लावतो आणि त्याची कमाई निघते वरच्या चाळीस-पन्नास अंकांतून. तेवढे अंक कोणते हे त्याला पाच मिनिटांत कळतं. तुम्हाला ते कळायला दोन-तीन रविवार लागतील, पण तेवढे द्याच.

आधी जागेचा आणि वजनाचा हिशोब. पातळ आणि जाड अंक मिळून सरासरी जाडी ५-६ मिलिमीटर धरली तर नऊशे अंकांना साधारण १८ फूट लांबीची फळी लागते, म्हणजे तीन फुटी सहा खण. वजन २०० किलोच्या आसपास. कबाडीने किलोला १०-१५ रुपये दिले तर सगळ्याचे मिळून दोन-तीन हजार होतात. विक्रेत्याचा आकडा याच्या दुप्पट असला तरी तो रद्दीचाच भाव आहे असं समजा.

आता यादी. वहीत किंवा मोबाइलवरच्या तक्त्यात प्रत्येक अंकाला एक ओळ: नाव, वर्ष, महिना, मुखपृष्ठ आहे की नाही, पानं पूर्ण आहेत का, डाग, कसर (कागद खाणारे किडे), तुटकी पिन. पानं पूर्ण आहेत की नाही हे नुसतं चाळून कळत नाही. पानांचे क्रमांक बघा, विशेषतः मधल्या पिनेजवळची चार पानं, कारण पिन गंजली की तीच आधी निसटतात. घरात वाचलेल्या अंकांतून पाककृती, कूपन, शब्दकोडं, मुलांच्या प्रकल्पासाठी चित्रं कापलेली असतात. आवाजच्या अंकात खिडकीचित्रांच्या झडपा शाबूत आहेत का ते एकेक करून पाहा. खिडकी फाटलेली असली की घेणारा भाव सरळ पाडतो, कारण त्या अंकाची ओळखच ती आहे. नॅशनल जिऑग्राफिकमध्ये घडी घातलेले नकाशे यायचे. ते आत असतील तर बाजूला काढा. बऱ्याचदा अंकापेक्षा नकाशाला गिऱ्हाईक लवकर मिळतं.

चाळताना पानांत काय दडलंय तेही बघा. जुनी पत्रं, फोटो, पावत्या, क्वचित नोटा. वर्गणीदाराच्या पत्त्याची चिठ्ठी मुखपृष्ठावर चिकटवलेली असेल तर ती ओढून काढू नका, कागदाचा थर निघून येतो. तशीच राहू द्या.

भाव कशाला येतो हे नीट समजून घ्या, कारण जुनं म्हणजे महाग हे गणित इथे चालत नाही. रीडर्स डायजेस्ट आणि नॅशनल जिऑग्राफिकच्या प्रती इतक्या निघाल्या आणि इतक्या घरांनी जपून ठेवल्या की साठच्या दशकातला अंकसुद्धा सहज मिळतो. ते दोन्ही गठ्ठे मी बिनदिक्कत देऊन टाकेन, आणि वजनाचा मोठा वाटाही त्यातच जातो, कारण जिऑग्राफिकचा गुळगुळीत कागद फार जड असतो. धर्मयुगचा मामला मधला आहे. धर्मवीर भारती संपादक असतानाचे विशेषांक हिंदीचे अभ्यासक मागतात, बाकीचे पडून राहतात.

मराठीत पैसा बहुतेक वेळा मुखपृष्ठावर मिळतो. दीनानाथ दलाल, रघुवीर मुळगावकर यांच्या चित्रांची मुखपृष्ठं असलेले जुने दिवाळी अंक लोक चित्रासाठीच घेतात, आतलं वाचतही नाहीत. काही विक्रेते मुखपृष्ठ फाडून फ्रेम करून विकतात. मला ते पटत नाही, पण बाजार तसा आहे, आणि मुखपृष्ठ नसलेल्या अंकाला म्हणूनच कोणी विचारत नाही. चांदोबा मराठीत १९५२ पासून निघू लागला. पन्नास-साठच्या दशकांतले अंक, मुखपृष्ठासकट आणि लहान मुलांच्या रेघोट्यांशिवाय, कमी मिळतात आणि चटकन जातात. ऐंशीनंतरच्या अंकांना तो भाव नाही. किशोर असतील तर बालभारतीने जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचायला ठेवले आहेत, तेव्हा निव्वळ वाचायला म्हणून साठवायचं कारण उरत नाही.

सत्यकथेचं वेगळं आहे. १९८२ साली बंद पडलेल्या या मासिकाचे सुटे अंक फारसे पैसे देत नाहीत. पण वर्षाचे बाराही अंक असतील तर तो संच अभ्यासकाच्या, ग्रंथालयाच्या कामाचा होतो, कारण पुढे पुस्तकात आलेल्या कितीतरी कथा-कविता पहिल्यांदा तिथे छापल्या गेल्या आणि त्यांचं पहिलं छापील रूप तिथेच सापडतं. किर्लोस्कर आणि स्त्रीला हाच नियम लावा. बारा अंकांचा संच फोडून त्यातला एक चांगला अंक विकलात तर उरलेले अकरा रद्दी झाले म्हणून समजा. पूर्ण वर्षं आधी सुतळीने वेगळी बांधा, मग सुट्यांचं बघा. सुतळीखाली वर-खाली पुठ्ठा द्या, नाहीतर कडा कापल्या जातात.

आणि ढिगाच्या तळाशी जे हलकं, मळकट, बिनचित्राचं काही सापडेल ते सगळ्यात शेवटी टाका. साठच्या दशकातली चक्रमुद्रित (सायक्लोस्टाइल केलेली) अनियतकालिकं, म्हणजे जमेल तेव्हा निघणारी छोटी मासिकं, रद्दीसारखीच दिसतात, पण निघाल्याच थोड्या प्रती आणि जपल्या त्याहून थोड्यांनी. आपल्या गावाचं म्हणाल तर विदर्भ साहित्य संघाचं युगवाणी, धरमपेठेतून निघालेलं उद्यम, १९५६ च्या आंबेडकरांच्या धम्मदीक्षेच्या आगेमागे निघालेले जनता किंवा प्रबुद्ध भारतचे अंक, स्थानिक संस्थांच्या स्मरणिका. हे मुंबई-पुण्याच्या विक्रेत्याला महत्त्वाचं वाटणार नाही, नागपूरवर काम करणाऱ्याला वाटेल. असं काही निघालं तर भाव विचारण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा.

आता ठेवण्याजोग्या अंकांची तब्येत. जुन्या अंकांचा बराच कागद लाकूड दळून केलेल्या लगद्याचा. त्यातलं लिग्निन हे लाकडातलं द्रव्य उजेडाने आणि हवेने पिवळं पडतं, आम्ल तयार होतं आणि कागद ठिसूळ होतो. आतल्या एखाद्या साध्या पानाचा कोपरा मागे-पुढे दुमडा. दोन-तीन घड्यांत तुटून हातात आला तर तो अंक हाताळायच्या पलीकडे गेलाय. तो विकायला पाठवू नका, टपालात त्याचा चुरा होईल आणि पैसे परत द्यावे लागतील. मजकूर हवा असेल तर स्कॅन करा. स्वतःपुरतं स्कॅन ठीक, पण त्या पीडीएफ विकू नका. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात कागदाचा शत्रू ऊन आहे हे सगळ्यांना कळतं, कूलर मात्र लक्षात येत नाही. एप्रिल ते जून कूलरची ओली हवा ज्या खोलीत खेळते तिथे मासिकं ठेवली की कागद दिवसा ओल धरतो, कूलर बंद झाला की परत सुकतो, असं रोज. पिना गंजतात, गुळगुळीत कागदाची पानं एकमेकांना चिकटतात, मागच्या बाजूला बुरशीचे ठिपके येतात. नव्या फ्लॅटमध्ये कपाट कूलरच्या खोलीत नको, बाथरूमच्या भिंतीला नको, बाहेरच्या भिंतीला लागून तर अजिबात नको. भिंतीपासून चार बोटं पुढे, जमिनीपासून वर. स्टीलचं कपाट बरं, लाकडीला उधई लागायची भीती. मोठे, पातळ अंक आडवे ठेवा, पण चळत वीतभरच. त्याहून उंच गेली की खालच्यांचे कणे चेपतात.

कसर दिसली तर अंक प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी एक दिवस तशीच राहू द्या, लगेच उघडली तर कागदावर दव धरतं. मे महिन्यात गच्चीवर वाळत घालायचा मोह होईल, तो आवरा. शाई उडते आणि कागद कुरकुरीत होतो. फाटलेलं सेलोटेपने चिकटवू नका, काही वर्षांत टेपचा डिंक तपकिरी होऊन पलीकडच्या पानावर उतरतो. लॅमिनेशन कधीच नको. आणि ‘छान खंड बांधून देतो’ म्हणणाऱ्या बाइंडरला आधी विचारा की कडा कापणार का, मुखपृष्ठं आणि जाहिरातींची पानं ठेवणार का. बहुतेक जण कापतात आणि काढतात. तसा खंड वाचायला सोयीचा होतो, संग्राहकाच्या लेखी मात्र संपलेला असतो.

विकायचं ठरलेल्यांचा भाव बघताना इंटरनेटवर लोक मागतात ती किंमत पाहू नका. पाच हजाराला लावलेला अंक तीन वर्षं तिथेच पडलेला असतो. प्रत्यक्ष विकला गेल्याचं दिसेल तोच आकडा धरा. समजा अंक दीडशेला गेला. त्यात पुठ्ठा, प्लास्टिक, टपाल यांचे साठ-सत्तर गेले, फोटो काढण्यात आणि निरोपानिरोपीत तास गेला. म्हणून सुटे विकायचे तर निवडक तीस-चाळीसच. बाकी विषयवार किंवा वर्षवार गठ्ठे करून सीताबर्डीतल्या जुन्या पुस्तकवाल्यांपैकी निदान तिघांना दाखवा, तेही आधी फक्त यादी. ढीग घरी बोलावून दाखवला की चर्चा ढिगाचीच होते.

देणगी हा मार्ग सत्यकथा, स्त्री, युगवाणीसारख्या संचांसाठी मला सगळ्यात बरा वाटतो. विदर्भ साहित्य संघाचं ग्रंथालय, राजाराम वाचनालय, विद्यापीठाचं ग्रंथालय, कुठेही जायचं तर आधी यादी पाठवा. त्यांच्याकडे असलेली वर्षं ते दुसऱ्यांदा घेणार नाहीत आणि घ्यायला हवीत असा आग्रहही धरू नका. संच एकत्र ठेवणार का, नोंद करणार का, हे लेखी विचारा. न सांगता खोकी दारात उतरवली तर ती जिन्याखाली राहतात.

हलवताना पाण्याच्या बारा बाटल्यांची खोकी वापरा. भरलं की १२-१४ किलो होतं, एक माणूस उचलतो. संत्र्यांची खोकी फुकट मिळतात म्हणून घेऊ नका, त्यात ओल आणि सालीचा वास राहतो, मागोमाग झुरळं येतात. खोक्यावर यादीतले क्रमांक लिहा. उरलेलं कबाडीला देताना वर्तमानपत्रं आणि गुळगुळीत मासिकं वेगळी ठेवा, दोन्हींचा भाव एक नसतो आणि मिसळलेल्याला तो खालचाच लावतो. वजनाआधी काटा रिकामा असताना शून्य दाखवतोय ना, ते स्वतः बघा.