वाचकांचे प्रश्न : धर्म, दहशतवाद आणि परक्या फौजा

गेल्या अंकातील इराक युद्धावरच्या लेखानंतर आलेल्या पत्रांत दोन तट स्पष्ट दिसतात. एका बाजूच्या मते सगळे मूळ इस्लाममध्ये आहे, दुसऱ्या बाजूच्या मते सगळे पाप अमेरिकेचे आहे. त्यांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : कुठेही स्फोट झाला की तो घडवणारे कुराणाचे दाखले देतात. मग दोष धर्मग्रंथातच आहे हे आपण सरळ मान्य का करत नाही? आणि ते एकदा मान्य केले, तर अमेरिका व ब्रिटनने त्या देशांत जाऊन बंदोबस्त केला यात चुकले कुठे? (निवृत्त मुख्याध्यापक, सांगली)

आपल्या पत्रात दोन स्वतंत्र प्रश्न आहेत, आणि पहिल्याचे उत्तर काहीही आले तरी त्यातून दुसऱ्याचे उत्तर निघत नाही. आधी पहिला घेऊ. दहशतवादी जे दाखले देतात ते ग्रंथात आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. नवव्या सूरेतील (अध्यायातील) पाचवी आयत (वचन) अनेकेश्वरवाद्यांशी लढण्याची आज्ञा देते आणि अल-कायदाच्या प्रचारात ती वारंवार येते. मात्र तिच्या लगेच पुढची आयत सांगते की त्यांच्यापैकी कोणी आश्रय मागितला तर तो द्यावा आणि त्याला सुरक्षित स्थळी पोचवावे. दूरचित्रवाणीवरच्या चर्चांत ही सहावी आयत सहसा कोणी वाचत नाही. दुसऱ्या बाजूचे वक्तेही तितकेच निवडक असतात. ‘एका माणसाला मारणे म्हणजे साऱ्या मानवजातीला मारणे’ ही पाचव्या सूरेतील आयत ते मोठ्या अभिमानाने सांगतात, परंतु तिच्यातला अपवाद आणि पुढच्याच आयतीत आलेल्या कठोर शिक्षा गाळतात.

ग्रंथ चौदाशे वर्षे तोच आहे, आणि आत्मघाती स्फोट ही मात्र गेल्या चार-पाच दशकांतली गोष्ट आहे. त्यामुळे मधल्या काळात काय घडले हे पाहावेच लागते. पारंपरिक इस्लामी धर्मशास्त्रात युद्ध पुकारण्याचा अधिकार राज्यकर्त्याचा मानला जातो आणि स्त्रिया, मुले, मठातले संन्यासी यांना मारण्यास मनाई आहे. विसाव्या शतकात ही चौकट मोडणारे विचारवंत निघाले. इजिप्तमध्ये १९६६ मध्ये फाशी गेलेले सय्यद कुत्ब यांनी स्वतःला मुसलमान म्हणवणारी राज्येही खऱ्या अर्थाने इस्लामी नाहीत असे मांडले, आणि त्यांच्यानंतरच्या पिढीने त्यातून बंडाचा परवाना काढला. समोरच्या मुसलमानालाच काफिर ठरवायचे आणि मग त्याचा जीव घ्यायचा, या ‘तकफीर’च्या हत्याराला सर्वाधिक बळी पडले ते मुसलमानच. १६ डिसेंबर २०१४ रोजी पेशावरच्या लष्करी शाळेत शंभराहून अधिक विद्यार्थ्यांना गोळ्या घालणारे तालिबानी आणि त्या शाळेतली मुले एकाच धर्माची होती. म्हणून ‘याचा इस्लामशी काहीच संबंध नाही’ हे वाक्य आम्हाला खोटे वाटते, आणि ‘हाच इस्लाम’ हे वाक्य त्याहून खोटे वाटते.

आता दुसरा प्रश्न. समजा, एखाद्या विचारसरणीत हिंसेची बीजे आहेत. तेवढ्याने तिच्या अनुयायांच्या देशावर बॉम्ब टाकण्याचा अधिकार कोणाला मिळतो का? युद्ध न्याय्य आहे की नाही हे कोणी हल्ला केला, पुरावा काय, दुसरा मार्ग उरला होता का आणि त्यानंतरची जबाबदारी कोण घेणार, यावर ठरते. मारल्या जाणाऱ्यांचा धर्मग्रंथ काय सांगतो यावर ते ठरत नाही. या कसोटीवर २००१ चे अफगाण युद्ध आणि २००३ चे इराक युद्ध एका तराजूत बसत नाहीत. पहिल्यात ११ सप्टेंबरला अमेरिकेत जवळजवळ तीन हजार माणसे मारणारी अल-कायदा ही संघटना त्या भूमीवर होती, तालिबान तिला सोडायला तयार नव्हते आणि सुरक्षा परिषदेने स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला होता. दुसऱ्यात यातले काहीच नव्हते. ५ फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेपुढे जैविक अस्त्रांच्या फिरत्या प्रयोगशाळांची चित्रे दाखवली, परंतु त्या प्रयोगशाळा अस्तित्वातच नव्हत्या. इराक युद्धातील ब्रिटनच्या सहभागाची तपासणी करणाऱ्या चिलकॉट चौकशीने २०१६ मध्ये, म्हणजे सगळे होऊन गेल्यावर, निष्कर्ष दिला की सद्दामपासून तातडीचा धोका नव्हता आणि शांततेचे मार्ग संपलेले नव्हते.

प्रश्न : आयसिस ही अमेरिकेचीच निर्मिती नाही का? पाश्चात्त्य फौजा परत गेल्या तर दहशतवाद आपोआप संपेल, असे आमच्या अभ्यासगटाचे मत आहे. (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

निर्मिती म्हणता येणार नाही, पण जमीन नांगरून दिली असे नक्की म्हणता येईल. मे २००३ मध्ये बगदादमधील अमेरिकी प्रशासक पॉल ब्रेमर यांनी आठवडाभराच्या अंतराने दोन हुकूम काढले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाच्या वरच्या थरातील लोक सरकारी नोकऱ्यांतून काढले गेले, दुसऱ्याने इराकचे लष्करच बरखास्त झाले. सुमारे चार लाख प्रशिक्षित माणसे एका सहीने घरी बसली. त्यांच्याकडे शस्त्रे होती, त्यांचा मान गेला होता आणि पुढच्या महिन्याच्या पगाराची शाश्वती नव्हती. आयसिसचा आराखडा आखणारा हाजी बक्र हा सद्दामच्याच सैन्यातला माजी कर्नल होता. स्वतःला खलिफा म्हणवणारा अबू बक्र अल-बगदादी २००४ मध्ये काही महिने दक्षिण इराकमधील अमेरिकेच्या बुक्का छावणीत कैदेत होता, आणि त्या छावणीत जुने बाथवादी व जिहादी शेजारी शेजारी राहत होते. ‘आम्ही युद्ध दहशतवाद संपवण्यासाठी केले’ असे म्हणणाऱ्यांना ब्रिटनच्या अंतर्गत गुप्तचर यंत्रणेच्या माजी प्रमुख एलायझा मॅनिंगहॅम-बुलर यांची चिलकॉट चौकशीपुढील साक्ष अडचणीची ठरते. इराकवरील आक्रमणामुळे ब्रिटनमधल्याच काही तरुणांची माथी भडकली, असे त्यांनी २०१० मध्ये स्पष्ट सांगितले. ७ जुलै २००५ रोजी लंडनमध्ये ५२ जणांचे प्राण घेणाऱ्या चौघांपैकी तिघे ब्रिटनमध्येच जन्मले होते.

तरीही आपल्या अभ्यासगटाचा ‘आपोआप’ हा शब्द आम्हाला मान्य नाही. मे २०१४ मध्ये कल्याणचे चार सुशिक्षित तरुण यात्रेकरूंच्या गटातून बगदादला गेले आणि तेथून आयसिसकडे वळले. कल्याणवर कोणत्या पाश्चात्त्य विमानाने बॉम्ब टाकला होता? इराकमधील अल-कायदाचा म्होरक्या जरकावी अमेरिकी सैनिकांपेक्षा शिया बाजारहाटांवर आणि मशिदींवर अधिक तुटून पडला, इतका की २००५ मध्ये अल-कायदाचा दुसऱ्या क्रमांकाचा नेता अयमन अल-जवाहिरी यानेच पत्र लिहून त्याला आवरण्याचा प्रयत्न केला. परकी फौज हे कारण मानले तरी नमाजाला आलेल्या शिया माणसाला उडवण्यामागे ते कारण पुरत नाही. तेथे विचारसरणीचा हिशेब मांडावाच लागतो, आणि त्या विचारसरणीला पैसा व आसरा देणारी मुसलमान सरकारेही त्या हिशेबात येतात. उलट, कोणताही धर्मग्रंथ पुढे न करता आत्मघाती हल्ल्यांचे तंत्र रुळवणारी तमिळ वाघांची संघटना आपल्या शेजारीच होती. त्यामुळे एकाच कारणावर समाधान मानणारे कोणतेही उत्तर, ते डावीकडून येवो की उजवीकडून, अपुरे समजावे.

प्रश्न : प्रत्येक हल्ल्यानंतर ‘तुम्ही निषेध का करत नाही’ असे आम्हालाच विचारले जाते. किती वेळा करायचा? (वाचक, मालेगाव)

निषेध झालेले आहेत, ते ऐकले गेले नाहीत. फेब्रुवारी २००८ मध्ये देवबंदच्या दारुल उलूममध्ये हजारो मौलवींच्या मेळाव्याने दहशतवाद इस्लामविरोधी असल्याचे जाहीर केले. सप्टेंबर २०१४ मध्ये शंभराहून अधिक मुस्लिम विद्वानांनी बगदादीला खुले पत्र लिहून त्याचे दावे धर्मशास्त्राच्याच आधारे खोडले. मुंबईत २६ नोव्हेंबरच्या हल्ल्यानंतर मारल्या गेलेल्या नऊ हल्लेखोरांना बडा कब्रस्तानात जागा देण्यास तेथील मुस्लिम विश्वस्तांनी नकार दिला. धर्मात दफन नाकारणे ही किती टोकाची गोष्ट आहे हे आपल्याला सांगायला नको. ते मृतदेह वर्षभराहून अधिक काळ शवागारात राहिले आणि अखेर सरकारला ते गुपचूप पुरावे लागले. यानंतरही कोणी तोच प्रश्न विचारत असेल तर उत्तर देण्याचे बंधन आपल्यावर नाही.

प्रश्न : दहशतवादी मुद्दाम निरपराधांना मारतो, लोकशाही देशांच्या लष्कराकडून चुकून माणसे मरतात. या दोन्हींना एका पंक्तीत बसवणे हा वैचारिक भोंगळपणा आहे. (मराठी वाचक, न्यू जर्सी)

आम्ही दोन्हींना एका पंक्तीत बसवत नाही. हेतूचा फरक खरा आहे आणि तो पुसून टाकणाऱ्यांशी आमचेही पटत नाही. परंतु ‘चुकून’ या शब्दाला किती ताणायचे, हे एका घटनेवरून पाहू. २६ ऑगस्ट २०२१ रोजी काबूल विमानतळावर आत्मघाती स्फोट झाला आणि त्यात १३ अमेरिकी सैनिक आणि सुमारे १७० अफगाण माणसे गेली. तीन दिवसांनी अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या टोयोटा गाडीचा सुमारे आठ तास माग काढला. गाडीत चढवले जाणारे डबे स्फोटकांचे आहेत असे समजून, ती एका घराच्या अंगणात शिरताच तिच्यावर क्षेपणास्त्र सोडले गेले. त्यात सात मुलांसह दहा जण ठार झाले. गाडी चालवणारा माणूस एका अमेरिकी मदत संस्थेचा कर्मचारी होता आणि डबे पाण्याचे होते. अमेरिकेच्या संयुक्त सेनाप्रमुखांनी आधी या हल्ल्याला न्याय्य म्हटले. पत्रकारांनी चित्रफिती तपासून शंका उभ्या केल्यानंतर, १७ सप्टेंबरला, लष्कराने चूक कबूल केली, आणि डिसेंबरमध्ये कोणालाही शिक्षा होणार नाही असे ठरले.

येथे हेतू वाईट नव्हता हे मान्य. पण घरात मुले असू शकतात ही शक्यता कोणी किती गांभीर्याने घेतली? हीच कारवाई न्यू जर्सीतल्या एखाद्या वस्तीत झाली असती तर इतक्या पुराव्यावर कळ दाबली गेली असती का? आमच्या मते नसती, आणि म्हणूनच तेवढ्यापुरता तो दोष नैतिक ठरतो, निव्वळ तांत्रिक राहत नाही. लोकशाही देशाने आपल्या लष्कराला दहशतवाद्याच्या मापाने मोजून ‘आम्ही त्याच्यापेक्षा बरे’ म्हणणे हे फारच खालचे माप झाले. त्याने स्वतःच्याच कायद्याचे माप लावावे. इराकमधील अबू गरीब तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाची छायाचित्रे २००४ मध्ये बाहेर आली ती अमेरिकी सैनिकाच्याच तक्रारीमुळे आणि छापली ती अमेरिकी माध्यमांनीच, हे त्या समाजाच्या बाजूने नोंदवले पाहिजे. ज्यांनी छळाला मोकळीक देणारी कायदेशीर टिपणे लिहिली त्या वरिष्ठांपैकी कोणी तुरुंगात गेले नाही, हेही नोंदवले पाहिजे.

प्रश्न : मग परक्या देशात कधीच फौज पाठवू नये का? स्रेब्रेनित्सामध्ये जग बघत बसले, ते योग्य होते का? (प्राध्यापिका, पणजी)

योग्य नव्हते. जुलै १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित’ घोषित केलेल्या त्या गावात, डच शांतिसैनिक हजर असताना, बोस्नियातील सुमारे आठ हजार मुसलमान पुरुष व मुले मारली गेली. चार वर्षांनी कोसोव्होत तसे घडू नये म्हणून नाटोने सुरक्षा परिषदेची संमती नसताना युगोस्लाव्हियावर ७८ दिवस बॉम्बवर्षाव केला. ज्यांना पश्चिम सदैव मुसलमानांच्याच विरोधात दिसते त्यांनी वाचवले गेलेले अल्बेनियन बहुसंख्येने मुसलमान होते हे लक्षात घ्यावे. ऑगस्ट २०१४ मध्ये सिंजार डोंगरावर आयसिसच्या वेढ्यात अडकलेल्या यझिदी या धार्मिक अल्पसंख्याकांसाठी झालेले हवाई हल्लेही आम्हाला समर्थनीय वाटतात. तेथे इराक सरकारनेच मदत मागितली होती आणि कत्तल समोर चालू होती.

हस्तक्षेपाचा हेतू फौज कधी व कशी परतते यावरून बराच उघड होतो. १९७१ चे आपलेच उदाहरण घ्या. सुमारे एक कोटी निर्वासित सीमेवर आले असताना भारताने पूर्व पाकिस्तानात सैन्य घातले, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १०४ विरुद्ध ११ मतांनी युद्ध थांबवून सैन्य मागे घेण्याचा ठराव केला. आज जे हस्तक्षेपाच्या बाजूने बोलतात ते देश तेव्हा सार्वभौमत्वाचे पाठ देत होते. भारतीय सैन्य मार्च १९७२ मध्ये बांगलादेशातून परतले. भारताचा स्वार्थ त्यात नव्हता असे मुळीच नाही, परंतु ढाक्यात भारतीय ब्रेमर बसला नाही.

लिबियात नेमके उलटे झाले. सुरक्षा परिषदेच्या मार्च २०११ च्या ठरावाने नागरिकांच्या रक्षणापुरती परवानगी दिली होती. तिचा वापर गद्दाफीची राजवट उलथवण्यासाठी झाला, आणि ती उलथल्यावर तिथली घडी बसवायला कोणी थांबले नाही. गद्दाफीच्या कोठारांतली शस्त्रे वाळवंट ओलांडून मालीत पोचली, २०१२ मध्ये उत्तर माली जिहादींच्या ताब्यात गेला आणि जानेवारी २०१३ मध्ये तेथे फ्रान्सला फौज पाठवावी लागली. एका हस्तक्षेपाचे परिणाम निस्तरण्यासाठी दुसरा हस्तक्षेप, असा हा क्रम होता.

प्रश्न : या सगळ्यात भारताची भूमिका काय होती? (वाचक, अकोला)

इराकमध्ये भारताने लष्कराची एक डिव्हिजन पाठवावी असा अमेरिकेचा आग्रह होता आणि दिल्लीत त्यावर गंभीर विचारही झाला. संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसल्याने १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारने नकार दिला. त्याआधी संसदेने युद्धाविरुद्ध ठराव केला होता. लिबियाच्या ठरावावर मनमोहन सिंग सरकारच्या काळात भारत तटस्थ राहिला. जर्मनी, ब्राझील, रशिया आणि चीन हेही तेव्हा मतदानात तटस्थ राहिले होते. दोन वेगवेगळ्या पक्षांच्या सरकारांचे हे निर्णय आम्हाला बरोबर वाटतात. मात्र मतदानात तटस्थ राहणाऱ्या देशाने कत्तल थांबवण्याचा दुसरा कोणता मार्ग सुचवला होता, हा पणजीच्या प्राध्यापिकाबाईंचा प्रश्न दिल्लीलाही लागू पडतो, आणि त्याचे समाधानकारक उत्तर आम्हाला त्या वेळच्या चर्चेत सापडले नाही.