टाकी मोठी करण्याआधी पॉलिसीची फाईल काढा

पत्राचा सारांश: वय ४१, मनीषनगर, नागपूर. बुटीबोरीत नोकरी, महिन्याला हातात ९२,००० रुपये. पत्नी घर सांभाळते, मुलगी अकरा वर्षांची. घरकर्जाचे ३१ लाख बाकी. तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये चार वर्षांपासून दीडशे लिटरची खाऱ्या पाण्याची रीफ टाकी, म्हणजे जिवंत कोरलची (प्रवाळांची) टाकी आहे. मे महिन्यात ट्रान्सफॉर्मर जळाला, नऊ तास वीज नव्हती, टाकीतलं पाणी ३३ अंशांवर गेलं आणि सुमारे ७०,००० रुपयांचे कोरल मेले. घरात इन्व्हर्टर आहे, पण टाकी त्यावर नाही. दुकानदाराचं म्हणणं, मोठी टाकी जास्त स्थिर राहते. त्याने पाच फुटी, ५०० लिटरच्या टाकीचं ४,२०,००० रुपयांचं कोटेशन दिलंय. प्रश्न असा: पर्सनल लोन काढू (१४ टक्के, तीन वर्षं) की मुलीच्या शिक्षणासाठीची पाच लाखांची एफडी मोडू? कोरलचे तुकडे विकून महिन्याला १२,००० सुटतील, हप्ता त्यातूनच निघेल. शेवटी एक ओळ: 'भविष्याची काळजी नाही, गॅरंटीड इन्कम पॉलिसी आहे, चार हप्ते भरून झाले, पाचवा ऑगस्टमध्ये.'

लोनही नको आणि एफडीही मोडू नका. याचा हिशेब दोन मिनिटांचा आहे. तुम्ही पाठवलेल्या खर्चाप्रमाणे घरकर्जाचा हप्ता २९,०००, घरखर्च ३८,०००, पॉलिसीसाठी बाजूला १०,०००, शाळा ६,०००, सध्याची टाकी ५,०००. उरतात ४,०००. चार लाख वीस हजारांच्या लोनचा हप्ता साधारण १४,४०० येईल. ५०० लिटरच्या टाकीचा महिन्याचा खर्चही दुप्पट धरा. उन्हाळ्यात ती रोज दहा युनिटच्या आसपास वीज खाईल: दिवे अडीच, पंप तीन, चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) साडेचार. महिन्याला ३०० युनिट झाले, आणि तेही महावितरणच्या वरच्या स्लॅबमधले. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदललंत तरी महिन्याला २०० लिटर, म्हणजे सात-साडेसात किलो रीफ सॉल्ट. पाच हजारांचे दहा हजार होतात ते असे. हप्ता आणि वाढीव खर्च मिळून १९,४०० लागतात. तुमचे उरलेले चार आणि कोरल विक्रीचे बारा, असे सोळा हजार. तुमच्याच आशेप्रमाणे सगळं जुळून आलं तरी दर महिन्याला तीन-साडेतीन हजारांचा खड्डा पडतो.

आणि ते बारा हजार येणारच नाहीत. हॅमर, टॉर्च, अ‍ॅक्रोपोरा अशी विकायच्या तुकड्यांची नावं तुम्ही दिली आहेत. हे सगळे कठीण कोरल. रीफ बांधणारे सगळे कठीण कोरल २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघही त्याच अनुसूचीत आहे. त्यांची विक्री हा कैदेचा गुन्हा आहे, आणि दुकानदाराची पावती म्हणजे परवाना नव्हे. टाकीत उरलेल्या कठीण कोरलचं काय करायचं हे वन विभागाला लेखी विचारा. राज्याचं मुख्यालय सिव्हिल लाईन्सच्या वनभवनात, तुमच्याच गावात आहे. लेखी उत्तर हातात येईपर्यंत विक्री नाही, खरेदी नाही, अदलाबदलही नाही. हिशेबात या उत्पन्नापुढे शून्य लिहा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर एवढंच. मी थांबलो ते तुमच्या शेवटच्या ओळीशी. टाकीपेक्षा मोठी चूक त्या पॉलिसीत आहे, आणि तिच्याबद्दल तुम्ही काही विचारलेलंच नाही.

सोबत जोडलेल्या बेनिफिट इलस्ट्रेशनमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या लाभांच्या तक्त्यात, लिहिलंय: वर्षाला १,२०,००० असे दहा हप्ते, मग बाराव्या वर्षापासून दहा वर्षं दरसाल २,१६,०००. 'बारा लाख भरा, साडेएकवीस लाख घ्या, तेही करमुक्त' असं म्हणून ती बँकेतून गळ्यात मारली गेली. पण भरलेला प्रत्येक रुपया परत यायला सरासरी बारा वर्षं लागतात, आणि बारा वर्षांत एकाचे एक रुपया ऐंशी पैसे म्हणजे वर्षाला पाच टक्के. 'गॅरंटीड' हा शब्द खरा आहे, पण गॅरंटी पाच टक्क्यांचीच. हा आकडा पॉलिसी विकणाऱ्याने सांगितला नाही, कारण सांगितला असता तर तुम्ही सही केली नसती.

पाच टक्के मी एकवेळ सोडून दिले असते. माझी खरी काळजी विमा रकमेची आहे. ती बारा लाख आहे. तुम्हाला काही झालं तर पत्नीच्या हातात बारा लाख येतील आणि डोक्यावर ३१ लाखांचं घरकर्ज राहील. दुसरी विमा पॉलिसी नाही. कंपनीचा मेडिक्लेम तीन लाखांचा, नोकरीपुरता. बचत खात्यात ६०,०००, म्हणजे एका महिन्याचाही खर्च नाही. अशा घरात एका पगाराच्या जोरावर चार लाखांची टाकी उभी करायचा विचार चालू आहे. हे मी रागावून लिहीत नाही, पण तुम्ही हे पत्नीसोबत बसून मोठ्याने वाचावं असं मला मनापासून वाटतं.

आता पॉलिसीचं काय करायचं? इथे बहुतेक जण दुसरी चूक करतात: चिडून सरेंडर करतात, म्हणजे पॉलिसी मधेच मोडून मिळेल ती रक्कम घेतात. तुमचे ४,८०,००० भरून झाले. चार हप्त्यांनंतर हमी सरेंडर किंमत साधारण निम्मी, म्हणजे २,४०,००० च्या आसपास. त्याऐवजी पॉलिसी पेड-अप केली, म्हणजे पुढचे हप्ते बंद पण पॉलिसी चालू, तर ढोबळ हिशेबाने चार-दशांश लाभ राहतो: बाराव्या वर्षापासून दरसाल ८६,४००, दहा वर्षं. आज सोडाल त्या २,४०,००० चे पुढे ८,६४,००० होतात, सरासरी साडेबारा वर्षांत. हा दर दहा टक्क्यांच्या वर जातो. नुकसान आधीच्या चार वर्षांत होऊन गेलंय. आता सरेंडर केलंत तर ते पक्कं होईल. उलट, उरलेले सहा हप्ते भरत राहिलात तर त्या नव्या पैशांवर सहा टक्केच मिळतील आणि विमा बारा लाखांचाच राहील. म्हणून सरेंडर नको, पुढचे हप्तेही नकोत. पेड-अप करा. मात्र आधी कंपनीकडून दोन आकडे लेखी मागवा: आजची सरेंडर किंमत आणि पेड-अप झाल्यावरचं वार्षिक उत्पन्न. काही पॉलिसींत पेड-अपची कपात जास्त कडक असते. पेड-अपचं उत्पन्न साठ हजारांच्या खाली आलं तर मला पुन्हा लिहा. 'पॉलिसीवर कर्ज घेऊन टाकी करा' असा सल्ला कुणी दिला तर त्याच्यापासून लांब राहा.

क्रम चुकवू नका. आधी एक कोटीची टर्म पॉलिसी (नुसता मृत्यूचा विमा, परतावा नाही), वयाच्या साठीपर्यंत. तंबाखू नसेल तर वर्षाला वीस हजारांच्या आसपास. प्रपोजल फॉर्ममध्ये रक्तदाब, साखर, जे असेल ते खरं लिहा. लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी पत्नीला निस्तरावी लागते. मग दहा लाखांचा फॅमिली फ्लोटर, म्हणजे तिघांना मिळून एकच आरोग्य विमा, साधारण पंचवीस हजार. वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही. टर्म पॉलिसीची कागदपत्रं हातात आली की मगच जुनीचा हप्ता थांबवा. वार्षिक हप्ता भरायला तारखेनंतर तीस दिवसांची सवलत असते, तेवढा वेळ पुरतो.

एफडीचं नावही बदला. ती मुलीच्या शिक्षणाची नाही. सहा महिन्यांचा आवश्यक खर्च साडेचार लाख होतो, म्हणजे ती घराची गंगाजळी आहे आणि तिला हात लावायचा नाही. शिक्षणाला सात वर्षं आहेत. सुकन्या समृद्धीचं खातं मुलीच्या दहाव्या वर्षापर्यंतच उघडता येतं, ती संधी गेली. महिन्याला ५,००० ची इंडेक्स फंडातली एसआयपी सात वर्षांत, दहा टक्के धरले तर, सहा लाखांच्या आसपास जाईल. पंधरा टक्के धरून स्वप्नं बघू नका, आणि शेवटच्या दोन वर्षांत पैसे हळूहळू एफडीत हलवा.

ऑगस्टच्या हप्त्यासाठी जमवलेल्या १,२०,००० ची पहिल्या वर्षीची वाटणी अशी: ४५,००० दोन्ही विमे, ४५,००० टाकी, ३०,००० एसआयपीची सुरुवात.

हो, टाकीसाठी ४५,०००. छंद बंद करा असं मी सांगणार नाही. पण कोरल कशाने मेले ते आधी समजून घ्या, नाहीतर ५०० लिटरमध्येही तेच घडेल. रीफला २४ ते २७ अंश हवेत. पाणी तीसच्या वर टिकलं की कोरलच्या अंगातलं शेवाळ बाहेर पडतं आणि तो पांढरा पडतो. त्यात वीज गेली की प्रवाह थांबतो, आणि गरम पाण्यात ऑक्सिजन आधीच कमी असतो. हॅमर आणि टॉर्चचं मांस दोन दिवसांत गळून आलं असं तुम्ही लिहिलंय. उष्णता आणि गुदमरणं एकत्र आल्याचं ते लक्षण आहे. मोठी टाकी उशिरा तापते, पण नवतप्यात (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत) ३८ अंशांच्या खोलीत तीही तापतेच. दुकानदाराने सांगितलं ते अर्धंच खरं.

सर्वांत स्वस्त दुरुस्ती घरातच आहे. १५० एएचच्या बॅटरीतून वापरण्याजोगी हजार-बाराशे वॅट-तास वीज मिळते. वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलवणारा पंप) १५ वॅट, रिटर्न पंप (पाणी टाकीत परत आणणारा) ३०, एअर पंप ५, असे पन्नास वॅट टाकीला दिलेत तर पंधरा-अठरा तास प्रवाह चालतो. हॉलचा पंखा त्याच बॅटरीवर असेल तर निम्मा वेळ. इन्व्हर्टर साइनवेव्ह आहे ना ते बघा, स्क्वेअरवेव्हवर एसी पंप गुणगुणतात आणि तापतात. म्हणजे टाकीच्या मागे एक सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर असता, तर दुपारी निदान श्वास तरी चालू राहिला असता. इलेक्ट्रिशियनचं हे काम अर्ध्या दिवसाचं.

फ्रीजरमध्ये एक लिटरच्या चार सीलबंद बाटल्या गोठवून ठेवा. एक बाटली दीडशे लिटर पाणी पाऊण अंशाने उतरवते. ५०० लिटरमध्ये तीच पाव अंशही उतरवत नाही. लहान टाकीचा हा फायदा दुकानदार सांगत नाहीत. तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरवू नका.

मग छोटा चिलर, पंचवीस-तीस हजारांचा. तो कॅबिनेटच्या आत कोंडू नका; स्वतःचीच गरम हवा ओढतो आणि बंद पडतो. पाण्यावर मारलेला साधा पंखा कोरड्या मे महिन्यात दोन-तीन अंश उतरवतो, पण त्याच खोलीत कूलर लावलात की हवेतली ओल वाढते आणि पंख्याचा उपयोग संपतो. पावसाळ्यातही तेच. बाष्पीभवनाने घटलेलं पाणी रोज आरओडीआय फिल्टरच्या, शून्य टीडीएसच्या (विरघळलेले क्षार नसलेल्या) पाण्यानेच भरा, खाऱ्याने नाही. घरचा पिण्याचा आरओ चालत नाही, टीडीएस कंट्रोलर त्यात नळाचं पाणी मिसळतो.

आणि आता मऊ कोरल लावा: झोअँथिड, मशरूम, लेदर. ते त्या पहिल्या अनुसूचीत नाहीत, दोन अंशांचा झटका जास्त सोसतात, आणि कॅल्शियम व अल्कलिनिटीची (पाण्यातल्या कार्बोनेटची) मागणी इतकी कमी की पाणी बदलूनच भागतं. ही द्रव्यं थोडी थोडी सोडणाऱ्या डोसिंग पंपाचा खर्च वाचला. ते लावण्याआधी दोन महिने नुसतं पाणी सांभाळा: क्षारता हजारी ३५, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच, नायट्रेट दहा पीपीएमच्या खाली. जुन्यांपैकी पांढरा पडलेला पण मांस शाबूत असलेला कोरल मेलेला नसतो. दिवे निम्मे करा, दोन महिने द्या. ज्याचा नुसता सांगाडा उरलाय तो मात्र लगेच काढा, कुजून अमोनिया सोडतो.

दोन उन्हाळे एकही कोरल न गमावता निघाले, दोन्ही विमे चालू राहिले आणि टाकीच्या नावाने वेगळे दोन लाख साठले, तर मोठ्या टाकीचं पुन्हा बोलू. कोटेशन तेव्हा नवं घ्या, कारण हातातल्यात इन्व्हर्टरची सोय नाही आणि आरओडीआयही नाही. त्याआधी एक पत्र स्ट्रक्चरल इंजिनिअरचं लागेल. पाणी, काच, दगड, स्टँड आणि संप (खालची फिल्टरची टाकी) मिळून आठशे किलोंच्या वर वजन, तेही दहा चौरस फुटांत. घराच्या स्लॅबचं डिझाइन चौरस मीटरला २०० किलो भार धरून करतात. टाकी तुळईवर, भिंतीला समांतर बसते का, हे त्यालाच विचारा. हलवायची वेळ आली तर जुनी वाळू नव्या टाकीत नेऊ नका. चार वर्षांची घाण तिच्या तळाशी बसलेली असते, आणि ती ढवळली गेली की एका रात्रीत उरलेलं सगळं जातं.