ऑटोमॅटिक गिअरबॉक्सच्या तेलात कूलंट गेलंय, तेल बदलून भागेल का?

फक्त तेल बदलून नाही भागायचं. गिअरबॉक्सच्या डिपस्टिकवर (तेल तपासायच्या पट्टीवर) लाल तेलाऐवजी सोलकढीसारखं गुलाबी, दुधाळ काही दिसलं तर गाडी तिथंच बंद करा. 'उद्यमनगरच्या गॅरेजपर्यंत हळूहळू नेतो' म्हणू नका, टो करून न्या. मी गगनबावडा घाट उतरून तशीच घरापर्यंत आणली होती, ते महागात पडलं.

बऱ्याच गाड्यांत गिअर ऑइलचा कूलर रेडिएटरच्या टाकीतच असतो. तो आतून फुटला की दोन्ही द्रव मिसळतात. कूलंटमधल्या पाण्यामुळं आणि ग्लायकॉलमुळं क्लच प्लेटचं अस्तर सुटायला लागतं, सगळा घोळ तिथं आहे.

आधी रेडिएटर बदला, नाहीतर नवीन तेलही नासेल. एकदा ड्रेन करून सगळं तेल निघत नाही, बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या भागात) राहतं. म्हणून कूलरच्या लाइन्ससकट पूर्ण फ्लश, नवा फिल्टर, आणि तेल गाडीच्या कंपनीनं सांगितलेल्याच ग्रेडचं. कूलंटची बाजूही धुवा, त्यात तेल गेलेलं असतं.

एवढं करूनही गाडी थरथरत असेल किंवा गिअर सटकत असेल, तर गिअरबॉक्स खोलावाच लागेल. मेकॅनिक मात्र ऑटोमॅटिक उघडलेला बघा, राव!